बटणाचे टायर, बारा महिने?

मृग लागायच्या आत मोहने-आंबिवलीतल्या टायरवाल्यांकडे एकच मागणी सुरू होते: “जाड नक्षीचे, बटणाचे टाका, पाऊस आलाय.” टायर चढले की पुढचं वाक्य ठरलेलं, “आता बारा महिने बघायला नको.” मीही हे म्हणून बसलोय. मग पहिल्याच जुलैत शहाडच्या पुलाच्या उतारावर ब्रेक दाबला, तर गाडी थांबायच्या ऐवजी पुढे वाहत गेली आणि एका रिक्षाच्या मागच्या बंपरला टेकली. रिक्षावाला खाली उतरला, टायरकडे बघून म्हणाला, “नवीनच आहेत की!” त्या वाक्याने माझी झोप उडवली.

पूर्वपक्ष काही खुळचट नाही. खोल नक्षीतून पाणी बाहेर पडतं, हे खरंच. गुळगुळीत गोटा झालेला टायर पावसात दगा देतो, हेही खरं. आटाळी-वडवलीकडच्या आतल्या कच्च्या वाटांवर बटण चिखलात रुतून गाडी ओढतं, हे मी स्वतः अनुभवलंय. यावरून लोक निष्कर्ष काढतात की जितकी मोठी नक्षी, तितकी जास्त पकड. चूक इथे आहे.

नक्षीने पकड वाढत असती, तर शर्यतीच्या मोटारसायकलींना कोरड्या ट्रॅकवर नक्षी नसलेले सपाट टायर कशाला लावले असते? पकड रबराची असते. रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात दबून बसतं, आणि जितकं जास्त टेकेल तितकं चांगलं. नक्षीचं काम पाण्याला वाट देणं, एवढंच. बटणांच्या टायरमध्ये निम्मीशिम्मी जागा पोकळ. उरलेली बटणं ब्रेक लागला की वाकतात. भिजलेल्या काँक्रीटवर आणि झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर चावायला चिखल नसतोच.

बरं, पाण्याच्या थरावर टायर तरंगतो, त्याचं काय? नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६०च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक सूत्र दिलं. पाण्याचा थर पुरेसा जाड असेल तर टायर कोणत्या वेगाला तरंगेल, ते हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. हवा ३० पौंड असेल तर तो वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास येतो. २० पौंडांवर आणली तर ७५. दुचाकीचा टायर गोलसर, त्याला तर पाणी कापणं आणखी सोपं. मोहने ते कल्याण या रस्त्यावर पावसात नव्वद कोण गाठतो? खड्डेच गाठू देत नाहीत. याच सूत्राने दुसरी एक समजूतही खोटी पडते: “पावसात हवा थोडी कमी ठेवा, पकड येते.” पक्क्या रस्त्यावर भरधाव जाणाऱ्याने हवा कमी केली, तर टायर उलट लवकर तरंगेल.

माझा भाचा जर्मनीत, श्टुटगार्टला असतो. तिथे बर्फासाठी वेगळे टायर. त्यांचं रबर थंडीत मऊ राहावं असंच बनवलेलं असतं. पारा साधारण सात अंशांच्या खाली गेला की साधं रबर कडक होऊ लागतं, हे होत नाही. २०१०पासून तिथे बर्फाळ रस्त्यावर असे टायर कायद्याने सक्तीचे आहेत. उन्हाळ्यात तेच ठेवले तर कायदा आड येत नाही, म्हणून तिथेही बरेच जण “दोन जोड कोण ठेवणार” म्हणत तेच फिरवतात. उन्हात ते रबर लिबलिबीत होतं, झिजतं, आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. आपल्या बटणांची गोष्ट हीच, फक्त ऋतू वेगळा. पावसाचे चार महिने धरा, उरलेले आठ महिने मुरबाड रस्त्यावरच्या तापलेल्या डांबरावर ती बटणं कडेकडेने झिजतात, घरघरतात, आणि पुढच्या मृगापर्यंत ज्यासाठी घेतली तेच उरत नाही.

मग काय लावावं? साधा रस्त्याचा टायर, कंपनीने सांगितलेली हवा, आणि वेळेवर बदल. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीला ०.८ मिलिमीटर नक्षी चालते, मोटारीला १.६. हा दंड टाळायचा आकडा झाला; मी दोन मिलिमीटरवर टायर काढतो. मात्र टायरच्या वयाकडे कुणी बघत नाही. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असं जुनं रबर कडक झालेलं असतं; नखाने दाबून बघा.

ज्यांचं रोजचं जाणं खरोखर बांधावरून आणि चिखलातून आहे, त्यांनी बटणं खुशाल लावावीत. बाकीच्यांनी टायरवाल्याकडे जाण्याआधी गाडीशेजारी उकिडवं बसून ते चार आकडे वाचावेत. माझ्या मागच्या टायरचे मी वाचले, तेव्हा तो सात वर्षांचा निघाला.