तंजावरचा दत्तक आणि पंडितांची कसोटी

मनुष्याचा स्वभाव प्रश्नावलीवरून ओळखता येईल, ही आशा पहिल्या महायुद्धात मूळ धरू लागली. १९१७ साली अमेरिकन सैन्यासाठी वुडवर्थ याने तशी प्रश्नावली रचावयास घेतली. परंतु परीक्षकास कोणते उत्तर हवे आहे हे चतुर उमेदवार ओळखतो आणि नेमके तेच देतो. म्हणून १९४३ च्या मिनेसोटा चाचणीत काही प्रश्न केवळ खोटेपणा हेरण्यासाठी घातले गेले. सर्वांच्या ठायी असणारे क्षुल्लक दोषही जो नाकारतो, त्याच्या इतर उत्तरांवर भरवसा ठेवावयाचा नाही, हे त्यामागील तत्त्व. हा रोग मात्र मानसशास्त्राहून पुष्कळ जुना आहे. तंजावरच्या मराठी राज्याने त्याची झळ सोसली आहे.

१७८७ च्या जानेवारीत तुळजाजी महाराजांनी मृत्युशय्येवर बालवयीन सरफोजींस दत्तक घेतले. महाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी हरकत घेतली, तेव्हा मद्रासचे गव्हर्नर कॅम्बेल यांनी पंडितांचे मत मागविले. राजाची बुद्धी आजाराने क्षीण झालेली, मुलगा बापास एकुलता एक, शिवाय त्याचे वयही अधिक. सबब दत्तक असिद्ध, असा निर्णय मिळाला. अमरसिंह गादीवर आले. या पंडितांस लाच मिळाली होती, असे पुढे कंपनीनेच मानले. श्वार्ट्झ या मिशनऱ्याने सरफोजींची बाजू नेटाने लावून धरली. अखेर बंगाल व काशी येथील पंडितांस विचारण्यात आले आणि त्यांनी दत्तक ग्राह्य ठरविला. १७९८ साली सरफोजी राजे झाले. शास्त्र तेच, पण उत्तर नेमके उलटे!

दूरचा परीक्षक निःपक्षपाती, एवढाच बोध घेऊन मात्र थांबता येत नाही. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. म्हणजे दुसरा निर्णयही तिच्या पथ्यावरच पडला. उत्तर फिरविणाऱ्याहून, प्रश्न केव्हा आणि कोणास विचारावा हे ठरविणारा अधिक समर्थ असतो.

सरफोजींची योग्यता अखेर या दोहोंपैकी एकाही निर्णयाने सिद्ध झाली नाही. १८३२ पर्यंत त्यांनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला, नवविद्या शिकविणारी पाठशाळा चालविली. राज्य गेल्यावरही बत्तीस वर्षांहून अधिक काळ टिकलेला हा व्यासंग कोणास पढविता आला नसता. वार्षिक मूल्यमापनाच्या कागदावर स्वतःचे गुण स्वतःच लिहिणाऱ्या आपणां सरकारी नोकरांनी हे ध्यानी ठेवावे. त्या कागदावरून आपण कसे आहो यापेक्षा वरिष्ठांस काय रुचते, हेच अधिक कळते.