पेशींच्या गावची दवंडी

आपल्या बीड भागात पूर्वी गावात दवंडी पिटली, की तेवढ्यावर माणसे कामाला लागत. शरीराचेही तसेच आहे, बरं का. जठराच्या अस्तरातील पेशी काही दिवसांतच झडतात आणि नव्या येतात. केव्हा वाढायचे, हा हुकूम त्यांना काही प्रथिने देतात.

हा हुकूम सापडला तो अवचित. १९५० नंतर अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन हे शास्त्रज्ञ मज्जातंतू वाढवणाऱ्या द्रव्याचा शोध घेत होते. उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क त्यांनी नवजात पिलांना टोचला. झाले भलतेच! चौदाव्या दिवसाच्या सुमारास उघडायचे डोळे सातव्याच दिवशी उघडले. दुसरा कोणी वहीत एक ओळ खरडून पुढे गेला असता. कोहेन तिथेच थांबले, आणि १९६२ साली त्यांनी ते प्रथिन वेगळे काढून दाखवले. १९८६ चे नोबेल पारितोषिक त्यांना व रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या विदुषींना मिळून देण्यात आले.

पण दवंडी ऐकायला कान हवेत. पेशीच्या अंगावर तसे कान असतात, तेही प्रथिनांचेच. १९८५ च्या सुमारास त्यांतला एक चमत्कारिक कान ओळखू आला. त्याचे नाव हर-टू. याला दवंडी लागतच नाही! असे कान पेशीवर फार झाले, की ते एकमेकांना चिकटतात आणि आत 'वाढा, वाढा' असा हुकूम सुरूच राहतो. जठराच्या कर्करोगाच्या पाच रोग्यांपैकी साधारण एकात हे आढळते.

हा कान बुजवणाऱ्या औषधाची मोठी चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या औषधांवर अशा रोग्यांपैकी निम्मे अकरा महिन्यांपर्यंत जगत. जोडीला हे औषध दिल्यावर ती मुदत चौदा महिन्यांच्या जवळ गेली. तीन महिने! घरच्यांना ते थोडे नव्हेत. पण या रोग्यांचा आजार आधीच फार पुढे गेलेला होता.

आपल्या दक्षिण शिवेपलीकडे भूम, परांडा आणि बार्शी या तालुक्यांत १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन रोग्यांची चौकशी करू लागले. गुरुजी, तुमच्याही गावात महिनोन् महिने सोडा नि चूर्ण घेणारा कोणी असेल. त्याचे वजन घटत असेल, शौच काळी होत असेल, तर त्याला दुर्बिणीच्या तपासणीला पाठवा. तिथे काढलेल्या तांदळाएवढ्या तुकड्यावरूनच कर्करोग आहे की नाही ते कळते, आणि असलाच तर हे कानही त्याच तुकड्यात तपासता येतात.