ज्येष्ठ नागरिक संघ : विरंगुळ्याकडून हक्कांकडे

सकाळचा फेरफटका, व्याख्याने, सामूहिक वाढदिवस आणि सहली ही महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघांची परिचित ओळख. १९८० मध्ये ‘फेस्कॉम’ हा राज्यव्यापी महासंघ स्थापन झाल्यावर या विरंगुळ्याला हक्कांच्या मागण्यांची जोड मिळाली. २००७ च्या केंद्रीय कायद्याने मुलांकडून निर्वाहभत्ता मिळवण्यासाठी वकिलाविना दाद मागता येईल असे न्यायाधिकरण दिले. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांना सामावणाऱ्या वृद्धाश्रमाचाही त्यात उल्लेख आहे. मात्र सरकार तो ‘उभारू शकेल’, एवढेच कायदा म्हणतो. मेख नेमकी तिथेच आहे. संघांनी हा शब्द बदलून घेण्याचा आग्रह धरायला हवा. कारण ज्यांना शुश्रूषेची सर्वाधिक गरज आहे, ते अंथरुणाला खिळलेले सभासद बैठकीला येऊच शकत नाहीत.