कराड–विटा: रस्ता जुना, जिल्हा नवा

कराडहून निघालं की ओगलेवाडी, मग सुर्ली घाट, पुढे कडेपूर आणि विटा. एसटीने दीड-दोन तासांचा हा प्रवास. आज तो गुहागर–विजापूर राष्ट्रीय महामार्गाचा (१६६ ई) भाग आहे. वाटेत सातारा जिल्हा संपतो आणि सांगली सुरू होतो.

या रस्त्याचा जुना इतिहास शोधताना मी एक बाळबोध चूक केली. विटा सांगलीत, म्हणून आधी सगळं सांगलीच्या नावाने शोधलं. दोन दिवस गेले, हाती काहीच नाही!

कारण साधं होतं. ब्रिटिश काळात विटा हे सातारा जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचं ठाणं होतं. ‘सांगली’ म्हणजे तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये साताऱ्याचे दोन भाग झाले. कराड उत्तर साताऱ्यात राहिलं, विटा दक्षिण साताऱ्यात गेलं. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. रस्ता जागेवरच होता, हद्द मात्र त्याच्यावरून गेली.

म्हणून या रस्त्यासाठी १८८५चं सातारा गॅझेटियर उघडायचं. १९४९ ते १९६० च्या कागदांत ‘दक्षिण सातारा’ शोधायचं. त्यानंतरच सांगली.

मी विज्ञान शाखेचा. प्रयोगात एकक तपासल्याशिवाय आकडा वापरत नाही. इतिहासात जिल्हा हेही एक एककच आहे, आणि ते बदलतं. तुमचा विषय कुठलाही असो, आधी त्या वर्षीचा नकाशा बघा.