'सार्तीन' जहाजाची हकीकत

इ. स. १७७७ साली चौल बंदरात 'सार्तीन' नावाचे फ्रेंच जहाज लागले. मूळचे ते व्यापारी. नाव मात्र फ्रान्सच्या आरमारमंत्र्याचे. त्यातून सँ-ल्यूबँ हा वकील उतरला आणि पुण्यास जाऊन त्याने नाना फडणिसांस फ्रेंच साहाय्याचे आश्वासन दिले. नानांनी त्याचा थाटाने सत्कार केला. या पाहुण्यावर त्यांचा विश्वास कितपत होता, हा प्रश्नच आहे. पण मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा उठला, आणि वडगावच्या मोहिमेमागे ही धास्तीही होती.

फ्रेंच फौज पुण्यास आलीच नाही. इकडे पाँडेचरीच्या गव्हर्नराने, बेलकोंबने, 'सार्तीन' लढाऊ कामास लावले. १० ऑगस्ट १७७८ रोजी ते त्रोंजोलीच्या आरमारातून व्हर्ननच्या इंग्रजी ताफ्याशी झुंजले आणि त्याच महिन्यात शत्रूच्या हाती सापडले. ज्यांना त्याची धास्ती वाटली, त्यांच्याच आरमारात ते दाखल झाले! पुढे हैदरअलीशी युद्ध जुंपले असता १७८० च्या नोव्हेंबरात मंगळूरजवळ ते बुडाले. हैदरची जहाजे इंग्रजांनी मंगळूरलाच डिसेंबरात नष्ट केली. त्या कामास 'सार्तीन' उरले नव्हते.