वाशीमच्या राजाची अवतरणे

वाशीमच्या सर्वसेन राजाने चौथ्या शतकात ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला, ती त्याची कथा. वाशीमचे तेव्हाचे नाव वत्सगुल्म. हरिविजयाची एकही पोथी आज उपलब्ध नाही. तरीही त्यातल्या गाथा वाचता येतात, कारण पुढच्या साहित्यशास्त्रज्ञांनी त्या उदाहरणादाखल घेतल्या. काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात या काव्याचा दाखला दिला. कुंतकाने सर्वसेनाचे नाव कालिदासाच्या जोडीने घेतले. माळव्याच्या भोजाने तर त्याच्या कितीतरी गाथा उचलल्या, आणि त्याच आधारावर अभ्यासक व्ही. एम. कुलकर्णी यांनी हरवलेल्या काव्याचा माग काढला. मूळ ग्रंथ गेला, अवतरणे उरली.

हा कवी वाकाटक घराण्यातला, वाशीमची गादी स्थापणारा राजा, हे मात्र १९३९ पर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते. त्याला कारण अवतरणेच होती.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. त्यात वाकाटकांची वंशावळ दिली आहे, पण दगड झिजलेला आणि अक्षरे तुटलेली. एकोणिसाव्या शतकात संशोधक भाऊ दाजींनी, मग भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी तो वाचला. ब्यूलरचे वाचन १८८३ साली प्रसिद्ध झाले. पुसट नावांच्या जागी वाकाटकांच्या मुख्य शाखेतली माहितीची नावे बसवली गेली. माणसे मोठी होती, वाचन प्रामाणिक होते. पण पुढे पन्नासहून अधिक वर्षे प्रत्येक इतिहासकार त्याच वाचनाचा हवाला देत राहिला. हवाले वाढले तशी चूक पक्की होत गेली.

१९३९ साली वाशीमला ताम्रपट सापडला. दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले ते दानपत्र. वंशावळ संस्कृतात, बाकीचा मजकूर प्राकृतात. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन आणि त्याचा पुत्र विंध्यशक्ती, असा क्रम त्यात स्वच्छ कोरलेला. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी मग अजिंठ्याच्या शिलालेखाकडे परत वळले आणि तिथेही ‘सर्वसेन’ हेच नाव असल्याचे त्यांनी दाखवून दिले. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा त्यामुळे इतिहासात आली.

संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या मिराशींनी अमरावतीच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपदही सांभाळले. ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ हा त्यांचा मराठी ग्रंथ १९५७ सालचा, तर वाकाटकांच्या कोरीव लेखांचा इंग्रजी खंड १९६३ सालचा. तो खंड निघाल्यावर वर्षभरात अमेरिकेत युजीन गारफील्ड यांची विज्ञानातल्या संदर्भांची सूची, म्हणजे कोणी कोणाचा हवाला दिला याची यादी, छापून आली. शोधनिबंधाला मिळालेले संदर्भ मोजण्याची रीत तिथून पसरली. २००५ मध्ये हिर्श यांचा एच-निर्देशांक आला: दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले, की निर्देशांक दहा. २०१० च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीला शोधनिबंधांचे गुण जोडले. आता अमरावती विद्यापीठातही व्यवस्थापनशास्त्राचा अभ्यासक असो की इतिहासाचा, त्याच्या कामाची पहिली ओळख बहुधा या आकड्यांनीच होते.

या मोजणीत मराठी ग्रंथांना जवळजवळ जागाच नाही, ही तिची मोठी उणीव. दुसरी त्याहून खोल आहे. ब्यूलरचे वाचन डोळे मिटून पुढे नेणाऱ्याचा संदर्भ आणि ते तपासून दुरुस्त करणाऱ्या मिराशींचा संदर्भ, दोन्ही तिथे एकेकच धरले जातात.

मिराशींचेही सगळे टिकले नाही. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार, असे त्यांनी ठरवले होते. रामटेकजवळ मनसरला उत्खनन झाल्यावर तो प्रश्न पुन्हा खुला झाला. हान्स बाकर यांच्यासारख्या विद्वानांनी मनसरच्या बाजूने मत दिले. पण वाकाटकांवर लिहिणारा कोणीही, मिराशींशी भांडायचे असले तरी, आधी त्यांचा १९६३ चा खंड उघडतो आणि त्यातल्या वाचनापासूनच सुरुवात करतो.