बोटांची साक्ष

१८६१ सालच्या एप्रिल महिन्यात पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील रुग्णालयात एका रोग्याला शस्त्रक्रियेच्या विभागात हलविण्यात आले. त्याचे नाव लबोर्न्य आणि वय ५१ वर्षांचे. तरुणपणी तो जोडे शिवण्यासाठी लागणारे लाकडी फर्मे तयार करीत असे. वयाच्या तिसाव्या वर्षी त्याची वाचा गेली आणि तेव्हापासून त्याचे सारे आयुष्य याच रुग्णालयात गेले होते. त्याला काहीही विचारले तरी 'तां, तां' एवढेच अक्षर त्याच्या तोंडून बाहेर पडे. म्हणून रुग्णालयात सर्वजण त्याला 'तां' या नावानेच ओळखत. पुढे त्याचा उजवा हात लुळा पडला, मग उजवा पाय गेला, आणि आता त्या पायातील विखार त्याच्या जिवावर उठला होता.

त्याला तपासणारा शल्यवैद्य पॉल ब्रोका त्या वेळी ३६ वर्षांचा होता. या रुग्णालयात किती वर्षे काढलीस, असे त्याने लबोर्न्यला विचारले. लबोर्न्यने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एकच बोट वर केले. उत्तर एकवीस झाले. आणि ते बरोबर होते. दुसऱ्या दिवशी ब्रोकाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. पुन्हा तेच उत्तर आले. तिसऱ्यांदा विचारताच, हा आपली परीक्षा पाहत आहे हे त्या रोग्याच्या ध्यानात आले, तो संतापला आणि त्याच्या तोंडून एक शिवी बाहेर पडली.

१७ एप्रिल रोजी लबोर्न्य मरण पावला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकाने त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र परिषदेपुढे ठेवला. मेंदूच्या डाव्या बाजूला, कपाळामागील भागात, एक मोठा खळगा पडलेला दिसत होता. वाणीला मेंदूत काही ठरावीक स्थान आहे काय, हा वाद त्या परिषदेत तेव्हा रंगात आला होता. या मेंदूने त्या वादाला एक प्रत्यक्ष पुरावा दिला. आणखीही रोग्यांची तपासणी करून, माणूस मेंदूच्या डाव्या अर्ध्याने बोलतो, असा निष्कर्ष ब्रोकाने १८६५ साली मांडला. मेंदूचा तो भाग आजही त्याच्या नावाने ओळखला जातो.

शास्त्राच्या इतिहासात ही घटना प्रसिद्ध आहे. परंतु त्या प्रसिद्धीत एक गोष्ट मागे पडली. जगाने लबोर्न्यचा मेंदू लक्षात ठेवला आणि त्याची बोटे विसरली. भाषाशास्त्र, चिन्हमीमांसा आणि मनाचे शास्त्र ही तीन शास्त्रे पुढे ज्या प्रश्नाभोवती एकत्र आली, तो प्रश्न खरे पाहता त्या बोटांनीच विचारला होता. ज्याला एक शब्द उच्चारता येत नाही, तो माणूस वर्षांचा हिशेब ठेवतो, प्रश्न समजून घेतो, उत्तर देतो आणि अपमानही ओळखतो. तर मग त्याचे गेले ते नेमके काय, आणि राहिले ते काय?

स्वतः ब्रोकाला या प्रश्नाची जाणीव होती. कल्पना आणि चिन्ह यांच्यात स्थिर संबंध जोडण्याची जी शक्ती तिला तो भाषेची सामान्य शक्ती म्हणतो. आणि हे चिन्ह ध्वनी असेल, हावभाव असेल, आकृती असेल किंवा कागदावरील रेघ असेल, असे तो स्पष्टपणे सांगतो. शब्दोच्चाराची शक्ती ही तिच्याहून निराळी. लबोर्न्यची दुसरी शक्ती गेली होती, पहिली शिल्लक होती, असे त्याचे म्हणणे. संतांच्या वाङ्मयातून परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी या चार वाणींची ओळख असलेल्या मराठी श्रोत्याला हा भेद परका वाटणार नाही. वैखरी लोपली म्हणजे तिच्या आतली वाणीही लोपली असे होत नाही. अर्थात आपल्याकडील ही विभागणी अध्यात्माच्या वाटेने झाली आणि ब्रोकाची रुग्णाच्या खाटेजवळ. दोन्हींचे प्रयोजन वेगळे, हे विसरून चालणार नाही.

पुढील काही दशकांत मात्र हा भेद धूसर होत गेला. १८७४ साली ब्रेस्लाउ येथे कार्ल वेर्निके या २६ वर्षांच्या वैद्याने दुसऱ्या प्रकारच्या वाचाघाताचे वर्णन केले. हे रोगी घडाघडा बोलत. पण त्या बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमगत नसे. त्यांच्यातील इजा कानामागील भागाकडे होती. ऐकण्याचे केंद्र येथे, बोलण्याचे तेथे, आणि दोहोंना जोडणारी वाट मध्ये, असा मेंदूचा नकाशा तयार झाला. नकाशा उपयुक्त होता आणि त्याने वैद्यकाची मोठी सेवा केली. परंतु त्यात भाषा म्हणजे कान आणि जीभ यांचा व्यवहार, असे जणू गृहीत धरले गेले.

याला हरकत घेणारे लोक होते. वाचाघात हा केवळ शब्दांचा रोग नसून चिन्हांचा रोग आहे, असे जर्मन वैद्य फिंकेलनबुर्ग याने १८७० सालीच सुचविले होते. लंडनचा ह्यूलिंग्ज जॅक्सन बजावीत असे की, ज्या जागी इजा झाल्याने वाणी जाते ती जागा दाखविणे वेगळे आणि वाणीचे स्थान दाखविणे वेगळे. बोलणे म्हणजे शब्दांची रास नव्हे. बोलणे म्हणजे विधान करणे, असे त्याचे मत होते. संतापात शिवी देणारा रोगी शब्द उच्चारतो खरा, पण तो काही विधान करीत नाही. वाक्य हेच भाषेचे अखंड एकक आहे, शब्दांत केलेली त्याची फोड ही केवळ समजुतीची सोय आहे, हे भर्तृहरीने वाक्यपदीयात कितीतरी शतके आधी मांडले होते. जॅक्सन त्याच टोकाला स्वतंत्र वाटेने पोचला होता.

वाणी आणि भाषा एकच मानण्याची किंमत रुग्णालयाबाहेर फार मोठी द्यावी लागली. १८८० सालच्या सप्टेंबरात इटलीतील मिलान शहरी बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुलांना ओठ वाचून तोंडाने बोलायला शिकवावे, खुणांच्या भाषेला शाळेत थारा देऊ नये, असा ठराव तिने मोठ्या बहुमताने केला. अमेरिकन प्रतिनिधींनी त्याला विरोध केला, पण तो अल्पमतात राहिला. ज्यांच्याविषयी ठराव होत होता ती बहिरी माणसे त्या सभेत जवळजवळ नव्हतीच. हा ठराव मेंदूशास्त्राने करविला असे म्हणता येणार नाही. जो बोलत नाही त्याला भाषा नाही, आणि ज्याला भाषा नाही त्याला पुरता विचारही नाही, हा समज फार जुना आहे. पण त्या काळच्या शास्त्राने तो समज खोडून काढला नाही, हेही तितकेच खरे. युरोपातील शाळांतून बहिरे शिक्षक दूर झाले. मुलांना हात बांधून बसविल्याच्या आठवणी अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. मौखिक पद्धतीचे हे वारे भारतातही पोचले, आणि आपल्याकडच्या बहुतेक मूकबधिर शाळांत तीच पद्धती दीर्घकाळ रूढ राहिली.

त्याच १८८० साली लाइपत्सिक विद्यापीठात जिनिव्हाच्या एका २२ वर्षांच्या तरुणाने डॉक्टरेट मिळविली. त्याचे नाव फर्दिनां द सोस्यूर, आणि त्याच्या प्रबंधाचा विषय संस्कृतातील सतिषष्ठीचा उपयोग. शाळेत सतिसप्तमीबरोबर ज्यांनी ती षष्ठी घोकली असेल त्यांना या योगायोगाची गंमत वाटेल. पुढे जिनिव्हा येथे संस्कृत शिकविणाऱ्या या पंडिताने १९०७ ते १९११ या काळात सामान्य भाषाशास्त्रावर तीन व्याख्यानमाला दिल्या. तो १९१३ साली वारला. त्याच्या विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून ती व्याख्याने १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. भाषा ही चिन्हांची व्यवस्था आहे. चिन्हाचे मोल त्याच्या ध्वनीत नसून इतर चिन्हांपासून असलेल्या त्याच्या वेगळेपणात आहे. आणि समाजातील सर्व प्रकारच्या चिन्हांचा अभ्यास करणारे एक शास्त्र पुढे उभे राहिले पाहिजे, हा त्याचा विचार. त्या ग्रंथात ब्रोकाचाही उल्लेख आहे. वाचाघातात बोलण्याबरोबर लिहिणेही बिघडते, यावरून सोस्यूरने असे अनुमान केले की, निरनिराळ्या इंद्रियांच्या वर चिन्हांवर हुकमत चालविणारी एक अधिक व्यापक शक्ती असली पाहिजे, आणि खरी भाषाशक्ती तीच. ब्रोकाचा विसरला गेलेला भेद अशा रीतीने एका संस्कृतज्ञाच्या हातून पुन्हा वर आला.

यानंतर दोन महायुद्धे झाली आणि मेंदूला जखमा झालेल्या तरुणांनी रुग्णालये भरली. इंग्रज वैद्य हेन्री हेड याने पहिल्या युद्धातील जखमी सैनिकांना तपासून, वाचाघात हा चिन्हे घडविण्याच्या आणि वापरण्याच्या क्रियेतील बिघाड आहे, असे १९२६ साली मांडले. दुसऱ्या युद्धात मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लूरिया याने उरल भागातील लष्करी रुग्णालयात हेच काम पुढे नेले. भाषेची कला शिकलेले मन तुटल्यावर ते पुन्हा कसे जोडावे, हा त्याच्यापुढचा रोजचा प्रश्न होता. याच सुमारास मॉस्कोत जन्मलेला भाषापंडित रोमान याकबसन नात्सी आक्रमणापुढे चेकोस्लोव्हाकियातून डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन असा पळत होता. स्वीडनमध्ये त्याने मुलांची भाषा आणि वाचाघात यांवरील ग्रंथ लिहिला. तो १९४१ साली प्रसिद्ध झाला. मूल ज्या क्रमाने ध्वनींमधील भेद कमावते, त्याच्या उलट क्रमाने रोगी ते गमावतो, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढच्या संशोधनाने ते जसेच्या तसे मान्य केले नाही. तथापि भाषापंडिताने रुग्णाची टिपणे वाचावीत आणि वैद्याने व्याकरण शिकावे, हा पायंडा पडला तो त्या ग्रंथामुळे. 'कान', 'पान', 'मान' या शब्दांत एकच ध्वनी बदलतो आणि अर्थ पालटतो. त्या एकट्या ध्वनीला स्वतःचा अर्थ नाही. भेद दाखविणे एवढेच त्याचे काम.

असा अर्थहीन पण भेद दाखविणारा घटक हाताच्या खुणांत असू शकेल काय? हा प्रश्न वॉशिंग्टनच्या गॅलोडेट महाविद्यालयात इंग्रजी शिकविण्यासाठी १९५५ साली आलेल्या विल्यम स्टोकी याला पडला. त्या महाविद्यालयातील विद्यार्थी बहिरे होते. आपसात ते ज्या खुणा करीत त्यांना शिक्षकही मोडक्यातोडक्या इंग्रजीचा हावभाव समजत. स्टोकीने त्यांची बारकाईने फोड केली. पंजाचा आकार, तो शरीरापाशी जेथे ठेवला जातो ते स्थान, आणि त्याची हालचाल, या तीन घटकांनी प्रत्येक खूण बनते. त्यांतला एक घटक बदलला की अर्थ बदलतो. 'कान' आणि 'पान' यांत जे घडते तेच येथे घडत होते. १९६० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा पुष्कळांनी, त्याच्या सहकाऱ्यांनीसुद्धा, ते हसण्यावारी नेले.

शेवटचा पुरावा पुन्हा जखमी मेंदूनेच दिला. कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत अर्सुला बेलुगी, एडवर्ड क्लिमा आणि हॉवर्ड पॉइझनर यांनी मेंदूला इजा झालेल्या सहा बहिऱ्या व्यक्तींचा अभ्यास केला आणि १९८७ साली तो ग्रंथरूपाने मांडला. अवकाशातील आकार आणि अंतरे यांचे ज्ञान मुख्यतः मेंदूच्या उजव्या अर्ध्याकडे असते. खुणांची भाषा अवकाशातच चालते. तेव्हा तीही उजवीकडेच असावी, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलटे आढळले. उजव्या बाजूला इजा झालेल्यांना साधे चित्र नीट काढता येईना, पण त्यांची खुणांची भाषा शाबूत होती. डाव्या बाजूला इजा झालेल्यांची चित्रे बऱ्याच अंशी ठीक होती, पण खुणांची भाषा मोडली होती: कोणाच्या खुणा अडखळत आणि व्याकरणावाचून येत, तर कोणाच्या खुणांत चुकीचे घटक शिरत. बोलणाऱ्याची भाषा जशी मोडते, तशीच हातांनी बोलणाऱ्याचीही मोडते. कानाने कधीही शब्द न ऐकलेल्या माणसाच्या मेंदूतही भाषा मुख्यतः डावीकडेच नांदते. कारण ती ध्वनीची बांधील नाही, चिन्हांच्या व्यवस्थेची बांधील आहे.

लबोर्न्यच्या बोटांनी १८६१ साली दिलेली साक्ष याहून मर्यादित होती, हे येथे नमूद केले पाहिजे. त्याने दाखविलेला आकडा हा साधा इशारा होता. त्यात व्याकरण नव्हते. परंतु उच्चार गेला म्हणजे आशय गेला असे नव्हे, एवढे त्याने निर्विवादपणे सिद्ध केले होते. त्याचा मेंदू न कापता पॅरिसच्या संग्रहालयात जतन करून ठेवण्यात आला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच्या चुंबकीय प्रतिमा घेण्यात आल्या. तेव्हा असे दिसले की, इजा ब्रोकाला वरून दिसली त्याहून कितीतरी खोल गेली होती. भाषा एका कोपऱ्यात बसलेली नसते, दूरदूरच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंच्या जाळ्यात ती चालते, ही आजची समजूत त्यामुळे अधिकच दृढ झाली.

मिलानच्या ठरावाचे काय झाले? १३० वर्षांनी, २०१० साली, कॅनडातील व्हँकूव्हर येथे भरलेल्या त्याच परिषदमालेतील अधिवेशनाने तो नाकारला आणि त्याच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. भारतात २०१५ साली नवी दिल्ली येथे भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत चिन्हांना जागा दिली, आणि २०२१ साली त्या केंद्राचा शब्दकोश १०,००० शब्दांपर्यंत पोचला.

कायदे आणि कोश यांच्या आधी मात्र एक साधी गोष्ट यावी लागते: समोरच्या मुक्या माणसाला प्रश्न विचारण्याची इच्छा. बिसेत्रच्या रुग्णालयात एकवीस वर्षे शेकडो लोक लबोर्न्यच्या खाटेजवळून गेले आणि त्यांनी 'तां' एवढेच ऐकले. एका वैद्याने त्याला प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी त्याच्या हाताकडे पाहिले. मनाचे, भाषेचे आणि चिन्हांचे शास्त्र त्या पाहण्यातून पुढे वाढले. आजही अर्धांगवायूने वाचा गेलेला वडीलधारा माणूस घरोघरी दिसतो. त्याच्यादेखत त्याच्याविषयी असे बोलले जाते, की जणू तो तेथे नाहीच. त्याची बोटे काय सांगत आहेत, इकडे कोणी पाहिले तर लबोर्न्यची साक्ष वाया गेली नाही असे म्हणता येईल.